बॅजर आणि बोअर केसांचा मिश्र ब्रश निवडताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण वडीचा घट्ट साबण वापरता, फेस वाटीत न करता थेट चेहऱ्यावर करता, दाढी राठ आहे आणि मानेवरची त्वचा लवकर लाल होते. सध्याचा बॅजरचा, म्हणजे बिळात राहणाऱ्या एका केसाळ प्राण्याच्या केसांचा, ब्रश साबणावर नुसता लोळतो आणि त्याआधीचा बोअरचा, म्हणजे डुकराच्या राठ केसांचा, ब्रश टोचत असे. तेव्हा दोन्ही केसांचे मिश्रण असलेला ब्रश घ्यावा का, घ्यावा तर किती प्रमाणाचा आणि किती मापाचा, आणि घरात सापडलेला एक फार जुना ब्रश पुन्हा वापरता येईल का, असे आपण विचारले आहे.

ब्रश जरूर घ्यावा, पण तो वेष्टनावर छापलेल्या प्रमाणावरून निवडू नये. केसांचे झुपके बांधण्याचे आणि जुन्या मुठींत नवे झुपके बसवण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, आणि त्यातून माझे मत असे पक्के झाले आहे की मिश्र ब्रशचा गुण प्रमाणापेक्षा मांडणीवर अवलंबून असतो. बोअरचे केस झुपक्यात नेमके कोठे आहेत, केसांची टोके नैसर्गिक आहेत की कात्रीने कापलेली, आणि झुपका त्याच्या जाडीच्या मानाने किती उंच आहे, एवढे कळले तर तो ब्रश चेहऱ्यावर कसा वागेल याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

आधी हे दोन केस समजून घेऊ. दाढीच्या ब्रशात वापरला जाणारा बॅजरचा केस मुख्यत्वे चीनमधून येतो. त्याच्यावर फिकट टोक, मध्ये काळसर पट्टा आणि खाली पुन्हा फिकट रंग असे पट्टे असतात. हा केस टोकाकडे अतिशय बारीक होत जातो, मध्यभागी थोडा फुगीर असतो आणि मुळाकडे पुन्हा निमुळता होतो. बोअरचा केस रानडुकराचा असतो असा समज नावामुळे होतो, परंतु बाजारातला बहुतेक माल पाळीव डुकरांच्या पाठीवरचा असतो. तो मुळाशी सर्वांत जाड असतो, टोकाकडे हळूहळू बारीक होतो, आणि त्याचे नैसर्गिक टोक दोन-तीन शाखांत फाटलेले असते किंवा वापराने तसे फाटत जाते. चित्रकारांना हे दोन्ही केस फार पूर्वीपासून परिचित आहेत. तैलरंगाचा दाट थर हलवायला ते डुकराच्या केसांचा ब्रश घेतात आणि रंगांच्या कडा एकमेकींत मिसळून मऊ करायला बॅजरचा. दाढीच्या ब्रशाकडूनही आपल्याला हीच दोन कामे हवी असतात, घट्ट साबण खरवडून उचलणे आणि त्वचेवर हळुवार पसरवणे, आणि मिश्रणाची कल्पना मुळात त्यातूनच आली आहे.

पाण्याच्या बाबतीत दोघांचे वागणे वेगळे आहे. ब्रशात साठलेले पाणी बहुतांशी केसांच्या आत नसते, ते केसांच्या मधल्या फटींत धरलेले असते. केस जितके बारीक तितके ते त्याच जागेत अधिक संख्येने मावतात आणि पाणी धरून ठेवणारा पृष्ठभाग वाढतो. बॅजर पाणी अधिक धरतो त्याचे मुख्य कारण हेच आहे. बोअरचा जाड केस मात्र स्वतः पाणी शोषून मऊ होतो आणि त्याला वेळ लागतो. कोरडा बोअर आणि चार मिनिटे भिजलेला बोअर यांत इतका फरक पडतो की कोरड्या स्थितीत हात फिरवून ब्रश पारखणाऱ्याची हमखास फसगत होते. बॅजर भिजला तरी त्याचा स्पर्श एवढा बदलत नाही.

आता प्रमाणाच्या प्रश्नाकडे वळतो, कारण सर्वांत जास्त गैरसमज येथेच आहेत. वाकवलेल्या केसाचा ताठपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे एक केस दुसऱ्याच्या दुप्पट जाड असेल तर तो वाकवायला सोळापट जोर लागतो. दुप्पट जाडीचे केस त्याच जागेत एक चतुर्थांश संख्येनेच मावतात हे खरे, पण तो हिशेब धरूनही तेवढ्याच आकाराचा झुपका चौपट ताठ होतो. दोन्ही केस केराटिन या एकाच प्रथिनाचे असल्याने स्थूल अंदाजासाठी त्यांचे द्रव्य सारखे मानायला हरकत नाही. बोअर दुप्पट जाड धरला आणि झुपक्याचा वीस टक्के भाग त्याने व्यापला, तर ते वीस टक्के बोअर उरलेल्या ऐंशी टक्के बॅजरएवढाच ताठपणा देतात आणि संपूर्ण झुपका शुद्ध बॅजरच्या सुमारे दीडपट ताठ होतो. निम्मे-निम्मे मिश्रण असेल तर ताठपणाच्या पाच भागांपैकी चार भाग एकट्या बोअरचे असतात. प्रत्यक्षातले केस निमुळते असतात आणि एकसारख्या जाडीचे नसतात, त्यामुळे हे आकडे काटेकोर समजू नयेत, पण त्यांतून निघणारी दिशा हातालाही जाणवते. निम्म्या मिश्रणाचा ब्रश दोघांच्या मधोमध नसतो. तो बोअरकडे झुकलेला असतो आणि त्यात बॅजरचा मऊपणा फक्त वरच्या थरापुरता उरतो.

वेष्टनावर ‘५०-५०’ असे छापलेले असते तेव्हा ते वजनाने आहे की केसांच्या संख्येने, हे बहुधा सांगितलेले नसते. वरच्या उदाहरणातल्या जाडीने पाहिले तर वजनाने निम्मे-निम्मे म्हणजे संख्येने बॅजरचे चार केस आणि बोअरचा एक. उलट संख्येने निम्मे-निम्मे असेल तर झुपक्याचा चार-पंचमांश भाग बोअरनेच भरलेला असतो, आणि असा ब्रश व्यवहारात बोअरचाच ब्रश ठरतो. एकच आकडा छापलेले दोन ब्रश चेहऱ्यावर इतके वेगळे का लागतात, याचे एक कारण हे आहे. आपल्या गरजेला वजनाने वीस ते पस्तीस टक्के बोअर असलेला ब्रश योग्य ठरेल असे मला वाटते, परंतु हा आकडा मिळाला नाही तरी अडत नाही, कारण खाली सांगितलेल्या गोष्टी डोळ्यांनी आणि बोटांनी तपासता येतात.

मांडणीचे सर्वसाधारणपणे तीन प्रकार आढळतात. पहिल्यात दोन्ही केस एकमेकांत पूर्ण मिसळून एकाच उंचीचे ठेवलेले असतात. दुसऱ्यात बोअर मध्यभागी किंचित आखूड ठेवून त्याच्याभोवती आणि वरून बॅजर बांधलेला असतो. तिसऱ्यात बोअर बाहेरच्या कड्यात आणि बॅजर आत असतो. पूर्ण मिसळलेला झुपका सर्वांत प्रामाणिक वागतो, असे मी म्हणेन. दोन्ही केसांची टोके त्वचेला लागतात, सुरुवातीचे काही आठवडे अधूनमधून एखादा राठ केस जाणवतो, आणि बोअरची टोके फाटू लागली की तोच ब्रश हळूहळू मऊ होत जातो. मध्यभागी आखूड बोअर असलेल्या झुपक्यात बोअरची टोके त्वचेपर्यंत पोहोचतच नाहीत. ताठपणा खालून मिळतो, स्पर्श मात्र बॅजरचा राहतो, आणि पहिल्या दिवशीचे त्याचे वागणे पुढेही फारसे बदलत नाही. लवकर लाल होणाऱ्या त्वचेसाठी मी हाच प्रकार सुचवीन. बाहेरच्या कड्यात बोअर असलेला झुपका दिसायला भरदार असतो आणि मूठ सरळ धरून वर-खाली फिरवला तर मऊही लागतो, पण गोल फिरवताना तो उमलतो आणि कडेचे राठ केसच त्वचेवर घासतात. फेस चेहऱ्यावर करणाऱ्याने हा प्रकार टाळावा.

मांडणी ओळखण्यासाठी ब्रश उजेडाकडे धरावा, झुपका दोन्ही अंगठ्यांनी मधोमध उघडावा आणि मुळापर्यंत पाहावे. बॅजरचे केस पट्टेदार आणि बारीक दिसतात, तर बोअरचे जाड, सरळ आणि बहुधा एकरंगी मळकट पांढरे किंवा पिवळसर. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. काही ब्रशांत बोअरवर रंगाने काळा पट्टा चढवून त्याला बॅजरचे रूप दिलेले असते, आणि मिश्र म्हणून विकलेला झुपका कधी कधी निव्वळ रंगवलेला बोअर निघतो. रंगवलेला पट्टा सर्व केसांवर एकाच आडव्या रेषेत अगदी सारखा बसलेला असतो, तर बॅजरच्या पट्ट्याच्या कडा केसागणिक थोड्या पुढेमागे असतात. कोमट पाण्यात पाणी काळपट झाले तर शंकेला जागा उरत नाही. तरीही खात्री करायची असेल तर पहिल्या धुण्यात गळालेला एखादा केस चिमटीत फिरवून पाहावा. दोन्ही टोकांना बारीक आणि मध्ये जाड असेल तर तो बॅजर, आणि मुळाशी सर्वांत जाड असून टोक फाटलेले असेल तर बोअर. केस जाळून वास पाहण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण त्याने फक्त कृत्रिम धागा वेगळा काढता येतो, कारण तो वितळून त्याची गोळी होते. बॅजर आणि बोअर दोन्ही सारखेच जळतात आणि वासही सारखाच येतो.

बॅजरच्या प्रतींची नावे आपल्या वाचनात आली असतील, प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप वगैरे. या नावांमागे सर्वमान्य असे एकच प्रमाणपत्र किंवा मोजमाप नाही. प्रत्येक उत्पादक आपापल्या समजुतीने ती वापरतो, त्यामुळे एकाचा ‘बेस्ट’ दुसऱ्याच्या ‘सुपर’पेक्षा मऊ असू शकतो. मिश्र ब्रशांत बहुधा गडद रंगाचा, प्युअर म्हणून ओळखला जाणारा राठसर बॅजर घातलेला असतो.

टोकांविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण टोचण्याचा दोष नेहमी बोअरच्या माथी मारला जातो आणि अनेकदा तो त्याचा नसतो. झुपक्याला गोलसर आकार देण्याच्या दोन रीती आहेत. चांगला कारागीर साच्यात केसांची टोके खाली करून, मुळे पुढेमागे सरकवून आकार घडवतो आणि वरच्या टोकांना कात्री लावत नाही. घाईत बनवलेल्या ब्रशात केस सरळ बांधून वरून कातरतात. कापलेल्या बॅजरचे टोक बोथट आणि कडा धारदार असते, ते कधीच आपोआप मऊ होत नाही आणि त्वचेवर बारीक सुया टोचल्यासारखे लागते. बोअरचा अखंड केस सुरुवातीला राठ लागतो खरा, पण टोक फाटत गेले की तो स्वतःहून नरम पडतो. म्हणून मिश्र ब्रश टोचत असेल तर आधी भिंगाखाली टोके पाहावीत. बॅजरचे पांढरे टोक निमुळते होत संपत असेल तर ब्रशाला वेळ द्यावा, ते सपाट तुटलेले दिसले तर तो ब्रश परत करावा. भिंग नसेल तर ब्रश नीट भिजवून, झटकून, मनगटाच्या आतल्या बाजूवर दाब न देता गोल फिरवावा. तेथील त्वचा मानेच्या त्वचेसारखी नाजूक असल्याने निवाडा लगेच होतो.

आता माप. झुपक्याचा व्यास मुळाशी, मुठीच्या कडेवर, मोजतात आणि उंची तेथून सर्वांत वरच्या टोकापर्यंत. ताठपणावर उंचीचा परिणाम लोकांना वाटतो त्याहून फार मोठा असतो, कारण केसाची मोकळी लांबी वाढली की त्याचा ताठपणा लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटतो. ५५ मिलिमीटर उंचीचा तोच झुपका ५० मिलिमीटरवर बसवला तर तो सुमारे एक तृतीयांशाने अधिक ताठ होतो, आणि ६० वरून ५० वर आणला तर जवळजवळ पावणेदोन पट. आपला सध्याचा बॅजर साबणावर लोळतो यामागे केसांची जात जितकी, तितकीच त्याची उंचीही कारण असण्याची शक्यता आहे. ती एकदा मोजून पाहावी. शुद्ध बोअरचे व्यावसायिक ब्रश ६० मिलिमीटरच्या आसपास उंच ठेवलेले दिसतात ते याच कारणाने, कारण त्या केसांचा मुळातला ताठपणा लांबीने सौम्य करावा लागतो. मिश्र ब्रशाला एवढी उंची दिली तर बॅजरचे केस बाहेर पसरतात, बोअरचे सरळ उभे राहतात आणि झुपका दोन तुकड्यांत वागू लागतो. फेस चेहऱ्यावर करायचा असल्यास २२ ते २४ मिलिमीटर व्यास आणि ४८ ते ५२ मिलिमीटर उंची हे माप मी आपल्याला सुचवतो. २६ च्या पुढचा व्यास ओठांवर आणि नाकाखाली अडचणीचा होतो आणि फेस पोटात साठवून ठेवतो. वाटीत भरपूर फेस करणाऱ्याला तो चालतो, आपल्याला नको. झुपक्याचा माथा गोल असावा की पंख्यासारखा पसरट, हा आवडीचा भाग आहे. गोल माथा नेमका लागतो एवढेच म्हणता येईल.

नावानिशी एक उदाहरण द्यायचे तर इटलीतील ओमेगा कंपनीचा ११०४७ क्रमांकाचा ब्रश बॅजर आणि बोअरच्या मिश्रणाचा आहे आणि आखूड, आटोपशीर मिश्र झुपका कसा असतो हे समजून घ्यायला तो चांगला नमुना आहे. पोर्तुगालमधील सेमोगनेही असे मिश्र ब्रश बनवले आहेत. ही नावे शिफारस म्हणून घेऊ नयेत. एकाच क्रमांकाच्या दोन ब्रशांतही केसांची रचना थोडी बदलते, म्हणून हातात आलेला ब्रश वर सांगितल्याप्रमाणे उघडून पाहणे चुकवू नये.

मिश्र ब्रश सर्वांसाठी नाही हेही स्पष्ट सांगतो. जे फक्त नळीतले मऊ क्रीम वापरतात आणि फेस वाटीत करतात त्यांना बोअरच्या जोराची गरजच नसते, त्यांच्यासाठी मऊ बॅजर किंवा चांगला कृत्रिम धाग्याचा ब्रश अधिक सुखाचा. ज्यांना सकाळी ब्रश भिजवायला तीन मिनिटेही नसतात, किंवा जे प्रवासात ओला ब्रश पिशवीत टाकतात, त्यांनीही कृत्रिम धागाच घ्यावा, कारण तो भिजवावा लागत नाही आणि लवकर वाळतो. ज्यांना श्रद्धेमुळे किंवा अन्य कारणाने डुकराचे केस नको आहेत त्यांनी केवळ ‘बॅजर’ एवढ्या शब्दावर विसंबू नये, घटक स्पष्ट लिहिलेले नसतील तर विचारून घ्यावेत. घोड्याच्या मानेच्या आणि शेपटीच्या केसांचा ब्रश हाही एक मधला मार्ग आहे. त्याचा ताठपणा ढोबळमानाने बॅजर आणि बोअरच्या मध्ये येतो आणि ते केस जनावर न मारता कापून घेता येतात.

प्राण्यांविषयीचा हा विचार येथे बाजूला ठेवणे मला योग्य वाटत नाही. डुकराचे केस मांसासाठी कापलेल्या जनावरांचे उपउत्पादन म्हणून मिळतात. बॅजरचे तसे नाही, आणि चीनमध्ये बॅजर ज्या स्थितीत ठेवले व मारले जातात त्याविषयी गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत. ब्रिटनमध्ये १९९२च्या कायद्याने बॅजरला संरक्षण आहे, त्यामुळे इंग्लंडमध्ये बांधलेल्या ब्रशातले केसही बाहेरून आणलेलेच असतात. मिश्र ब्रशात बॅजर कमी असतो, पण तो असतोच. ज्याला हे पटत नाही त्याने मनाला मुरड घालून मिश्र ब्रश घेऊ नये. आजचे कृत्रिम धागे इतके सुधारले आहेत की त्यात दाढीच्या गुणवत्तेचा मोठा त्याग करावा लागत नाही.

ब्रश घरी आल्यावर पहिल्या दिवशी तो सौम्य शाम्पूने दोनदा धुवावा. नव्या केसांना जनावराचा वास असतो आणि बोअरमुळे मिश्र ब्रशात तो थोडा उग्र येतो. साबणाचा दाट फेस करून तो झुपक्यात रात्रभर राहू दिला आणि सकाळी धुतला, असे दोन-तीनदा केले की वास पुष्कळ जातो आणि बोअरची टोके फाटण्यासही सुरुवात होते. पहिल्या काही वेळा थोडे केस गळतील, त्याची चिंता करू नये. महिन्यानंतरही रोज केस निघत असतील, किंवा झुपक्याच्या मधोमध भोक पडल्यासारखे दिसत असेल, तर आतली चिकटवण कच्ची राहिली आहे आणि तो ब्रश बदलून मागावा.

रोजच्या वापरात मिश्र ब्रश शुद्ध बॅजरपेक्षा एक गोष्ट जास्त मागतो, ती म्हणजे भिजवणे. केसांचा वरचा दोन-तृतीयांश भाग कोमट पाण्यात तीन ते पाच मिनिटे ठेवावा, तेवढ्यात आपले तोंड धुऊन होते. मूठ आणि केस जेथे मिळतात तो भाग पाण्यात बुडवू नये, आणि पाणी उकळते तर मुळीच नसावे. भिजवणे टाळले तर तहानलेला बोअर दाढी चालू असतानाच फेसातले पाणी ओढून घेतो, आणि गालावर पहिला हात फिरेपर्यंत फेस कोरडा पडतो. मिश्र ब्रशाविषयी येणारी ‘फेस टिकत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा येथूनच उगवते. भिजवल्यानंतर मात्र उलट काळजी घ्यावी लागते. बॅजरच्या फटींतले मोकळे पाणी नीट झटकून टाकले नाही तर घट्ट साबणावर पहिल्याच फेऱ्यात पाणचट बुडबुडे येतात. म्हणून ब्रश हलका पिळावा, दोन-तीनदा झटकावा, साबणावर अर्धा मिनिट फिरवून टोकांवर लापशीसारखा दाट लेप जमू द्यावा, आणि मग चेहऱ्यावर आणून पाण्याचे थेंब टोकांनाच लावत लावत फेस वाढवावा.

ब्रश चेहऱ्यावर दाबून चिरडण्याची सवय असेल तर ती सोडावी लागेल. बोअर जोर पुरवतो, तेव्हा हाताने तो पुन्हा लावण्याचे कारण नाही. सतत दाबून गोल फिरवल्याने बॅजरचे केस मुळाशी एकाच ठिकाणी वाकत राहतात आणि तुटतात, आणि मिश्र ब्रश अकाली विरळ होण्याचे हे नेहमीचे कारण आहे. गालावर आणि हनुवटीवर गोल हात चालेल, कारण त्याने राठ केस उभे राहतात. मानेवर मात्र ब्रश रंग लावल्यासारखा एका दिशेने फिरवावा. आपल्या मानेची लाली पात्यापेक्षा ब्रशाच्या घासण्याने येत असण्याची शक्यता आहे. आठवडाभर मानेवर गोल हात बंद करून पाहिले तर ते आपल्याच लक्षात येईल.

दाढी झाल्यावर झुपक्यातला साबण पूर्ण निघेपर्यंत धुवावे, हलके पिळावे, झटकावे आणि स्वच्छ कोरड्या टॉवेलवर दोन-चार वेळा पुसावे. नंतर ब्रश टांगावा की उभा ठेवावा याविषयी मोठे वाद होतात. माझ्या मते त्याला हवा लागली म्हणजे पुरे, बंद डबीत किंवा कपाटात ओला ठेवू नये. मिश्र झुपक्याचा मध्यभाग वाळायला पूर्ण दिवस लागू शकतो, म्हणून रोज दाढी करणाऱ्याने दोन ब्रश आलटून पालटून वापरले तर दोन्ही अधिक टिकतात. पाणी जड असेल तर साबणातील स्निग्धाम्ले पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमशी संयोग पावून केसांच्या मुळाशी पांढरा चिकट थर बसवतात आणि झुपका आधी राठ, मग निर्जीव लागू लागतो. अशा वेळी एक भाग साधे पांढरे व्हिनेगर आणि दहा भाग कोमट पाणी यांत केस पाच मिनिटे बुडवावेत, भरपूर पाण्याने धुवावेत आणि शेवटी सौम्य शाम्पू लावावा. थर दिसेल तेव्हाच हे करावे, दर आठवड्याला करण्याची ही गोष्ट नव्हे.

राहिला आपल्या घरातला जुना ब्रश. तो नक्की कोणत्या काळातला आहे हे कळत नसेल, आणि विशेषतः पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा असण्याची शक्यता असेल, तर तो वापरू नये. त्या युद्धाने केस स्वच्छ होऊन येण्याचे नेहमीचे मार्ग तोडले, बॅजरऐवजी घोड्याचे नीट निर्जंतुक न केलेले केस बॅजरसारखे दिसतील असे करून वापरले गेले, आणि अशा ब्रशांमुळे ब्रिटिश व अमेरिकी सैनिकांना तसेच नागरिकांना अँथ्रॅक्स या जनावरांपासून पसरणाऱ्या, जिवावर बेतू शकणाऱ्या जिवाणूजन्य रोगाची लागण झाली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या नियतकालिकात २०१७ मध्ये या प्रकरणांचा आढावा प्रसिद्ध झाला, आणि त्यात अशी दोनशेहून अधिक प्रकरणे नोंदलेली आहेत. या जिवाणूचे बीजाणू अनेक दशके तग धरतात. ब्रश गरम पाण्यात बुडवून किंवा शाम्पूने धुऊन ते मरतील असे समजू नये, आणि केस उकळले तर ब्रशही वाया जातो. आज योग्य प्रक्रिया करून विकल्या जाणाऱ्या केसांना हा धोका लागू नाही. मूठ फार आवडली म्हणून आतला झुपका स्वतः उकरून काढण्याचा मोह आपल्याला होईल, पण कोरडे जुने केस खरवडताना त्यांची धूळ श्वासात जाते, म्हणून तेही करू नये. तो ब्रश आहे तसा काचेमागे ठेवावा, आणि तशाच घडणीची नवी मूठ करून घेऊन तिच्यात २२ मिलिमीटरचा मिश्र झुपका ५० मिलिमीटर उंचीवर बसवून घ्यावा.